सव्वादोनचा हात

आण्याच्या पठारावर पाणी कमी, बातम्या मात्र बारमाही. खैरून मण्यारीण मक्केला निघाली हे तिचा व्हिसा येण्याआधीच गावाला ठाऊक झालं होतं. बांगड्या भरून घेता घेता बायकांनी आपापली मागणीही तिच्याकडे सोपवली. भिमाबाईंनी तर आडपडदाच ठेवला नाही. "तुजा देव काय न् माजा देव काय," त्या म्हणाल्या, "माज्या गुडघ्याचं तेवढं बोल." खैरूनची मुलगी इरम हे सगळं मोबाईलमध्ये टिपून घेत होती. बावीस वर्षांची पोर, नारायणगावला नर्सिंग शिकलेली. यादी केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

खैरून लग्न होऊन आण्यात आली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा पेटी डोक्यावर असायची, आता ती इरमच्या स्कूटीवर असते. पठारावरच्या वाड्यावस्त्यांपासून थेट लोणीच्या बाजारापर्यंत असा हात नसेल जो तिनं दाबला नाही. मनगट बघितलं की माप सांगायची. सव्वादोन म्हणजे बारीक, नाजूक हात. अडीच म्हणजे राबणाऱ्या बाईचा. माणसाचं नाव विसरेल, माप विसरायची नाही. "हात ढिला सोड," एवढंच म्हणायची, आणि बोटांची हाडं कुठं जायची कुणास ठाऊक, बांगडी सरकन मनगटात. घरात ती दखनी बोलायची, गावात मराठी, आणि मनातलं बोलायची वेळ आली की कुठंही मराठीच.

तिचे स्वतःचे हात मात्र मोकळे होते. सहा वर्षांमागं नवरा गेला. विधवेनं पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत झाली, आता बांगड्या घालायला हरकत नाही असं मौलवींनी सांगितलंही. पण खैरूननं घातल्या नाहीत. गावात राहायचं तर गावाची रीत बघावी लागते, एवढं म्हणाली आणि पेटी उचलून धंद्याला लागली.

जायच्या आधी जुन्नरला उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या यात्रेची, माहिती द्यायला एक वर्ग भरला होता. तिथल्या मौलवींनी शेवटी एक गोष्ट दोनदा सांगितली. अल्लाहचा केलेला अपराध अल्लाह माफ करील, पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानंच माफ करायला हवं. तेव्हा निघण्याआधी घरोघर जाऊन बोललंचाललं माफ करून घ्या. खैरूननं ते फार मनावर घेतलं. आठ दिवस ती गाव पालथं घालत होती. ज्यांच्याशी कधी चकार शब्दाचं भांडण नाही, त्यांच्याही दारात उभी राहून हात जोडत होती. लोक हसायचे, चहा पाजायचे. एका म्हातारीनं तर माफ करते म्हणून वर दोन बांगड्या फुकट भरून घेतल्या.

राहिलं एकच घर. गावाबाहेर, पठाराच्या कडेला सरूबाईची वस्ती. धनगराची बाई, पन्नासेक मेंढरं आणि थोडी बाजरी यांवर एकटीनं घर चालवलेली. इरम स्कूटीवर आईला तिकडं घेऊन निघाली. वाटेत बाभळीपाशी खैरूननं तिला थांबवलं, उतरली, वस्तीकडं बघत उभी राहिली आणि परत मागं बसली. म्हणाली, ती घरी नाही. इरमला तर सरूबाई अंगणात कोकराला पाला घालताना साफ दिसत होती. आपली आई खोटं बोलते हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिनं स्कूटी वळवली.

तिघं निघाली: खैरून, इरम आणि थोरला जुबेर, जो नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटोचा पिकअप चालवतो आणि रस्त्यावरच्या एकाही ट्रकला शिवी दिल्याशिवाय पुढं जात नाही. इहरामची, म्हणजे यात्रेकरूनं नेसायची, दोन पांढरी कापडं अंगावर आली तसा त्याच्या तोंडातला आवाजच गेला. जेद्दाहच्या विमानतळापासून मक्केच्या हॉटेलपर्यंत त्यानं एका गाडीलाही नावं ठेवली नाहीत. इरमला इथूनच नवल वाटायला लागलं होतं.

हरममध्ये, काब्याच्या मशिदीत, शिरताना यात्रेच्या गटाच्या माणसानं सांगितलं होतं, नजर खाली ठेवा, मी म्हणेन तेव्हाच वर बघा. काबा पहिल्यांदा नजरेला पडतो तेव्हा जे मागाल ते मिळतं, असं सगळेच सांगतात. इरमनं आपली यादी पाठ केली होती. नोकरी, जुबेरचं लग्न, पठाराला पाणी, भिमाबाईंचे गुडघे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पायाखालचा संगमरवर मात्र रांजणाच्या बुडासारखा गार लागत होता. पुढच्या माणसाच्या टाचा बघत ती चालत होती. मग गटाचा माणूस म्हणाला, आता बघा.

जन्मापासून घरातल्या कॅलेंडरवर पाहिलेलं ते अल्लाहचं घर. ओळखीचंच तर आहे, असं तिला इतके दिवस वाटत होतं. तिनं मान वर केली. काळं, उंच, गप्प. त्याच्याभोवती माणसं फिरत होती, हजारो, लहान-मोठी, काळी-गोरी, लंगडणारी, खांद्यावर लेकरू घेतलेली. प्रत्येक जण आपापल्या भाषेत आपापलं मागत होता, आणि सगळ्यांचा मिळून एकच आवाज वर चढत होता. वर पाखरं फिरत होती. इतकी माणसं आणि कुणालाच कुणाची भीती वाटत नव्हती. आपण किती लहान आहोत हे तिला कळलं, आणि नवल म्हणजे त्याचं दुःख झालं नाही, उलट फार हलकं वाटलं. यादीतलं एक अक्षर आठवेना. जुबेर तोंडावर हात धरून उभा होता, त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. भिमाबाईंचे गुडघे तेवढे बिचारे त्या वेळी राहूनच गेले.

तवाफला सुरुवात झाली. काब्याभोवती सात फेऱ्या घालायच्या. जुबेर पुढं वाट काढत होता, इरमनं आईचा हात घट्ट धरला होता. गर्दीनं आपल्याला उचललंय आणि आपले पाय नुसते सोबत चाललेत, असं तिला वाटत होतं. सगळीकडं हातच हात होते. मेंदी लावलेले, सुरकुतलेले, वर उचललेले, एकमेकांना सावरणारे. तिसऱ्या फेरीत आई काहीतरी सारखं पुटपुटतेय हे तिच्या लक्षात आलं. दुवा असेल, आपणही म्हणावी, म्हणून इरमनं कान जवळ नेला.

खैरून म्हणत होती, "सव्वादोन. सव्वादोन."

फेऱ्या मोजतेय म्हणावं तर सव्वादोन फेऱ्या कुणी मोजत नाही. इरमला आधी हसू आलं. अल्लाहच्या घरीसुद्धा आई मापंच घेतेय, असं तिला वाटलं. मग तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. खैरून कुणाच्याच हाताकडं बघत नव्हती. डोळे मिटून चालली होती आणि तोंडातून तेवढंच येत होतं. सात फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत इरमनं तो हात सोडला नाही.

नमाज झाली, जमजमचं पवित्र पाणी पिऊन दोघी काबा दिसेल अशा जागी खांबाला टेकून बसल्या. जुबेर आणखी पाणी आणायला गेला होता. शेजारी आफ्रिकेकडची एक म्हातारी येऊन बसली. तिच्या दोन्ही मनगटांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या. खैरूनची नजर तिथून हलेना. शेवटी तिनं खुणेनं विचारलं, नवरा कुठं? म्हातारीनं एक बोट आभाळाकडं केलं. मग खैरूनचे मोकळे हात पाहून तिनं तिच्या मनगटावर हलकेच थोपटलं आणि हसली. तिच्या बांगड्या वाजल्या. खैरून रडायला लागली, ती थांबेचना.

मग तिनं सांगितलं. तेवीस वर्षांमागची आण्याची यात्रा, आमटी-भाकरीचा दिवस. इरम पोटात होती. खैरूननं बांगड्यांचं पाल टाकलं होतं आणि बायकांचा गराडा पडला होता. सरूबाईचा नवरा त्याआधीच्या पावसाळ्यात मेंढरं घेऊन घाटघरकडं गेला असताना वीज पडून गेला होता. चोवीस वर्षांची सरूबाई त्या बायकांत येऊन उकिडवी बसली आणि तिनं बाकीच्यांसारखा हात पुढं केला. बायका गप्प झाल्या. कुणीतरी खाकरलं. गिऱ्हाईक उठून जाईल, या भीतीनं खैरूननं तो हात बाजूला सारला आणि पुढच्या बाईचा धरला. "तुजं न्हाई आता," एवढंच ती म्हणाली. सरूबाईनं आपला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला आणि उठून गेली.

"मला कुणी सांगितलं नव्हतं गं," खैरून म्हणाली. "रीत त्यांची व्हती, पर हात माजा व्हता. तुजे अब्बा गेले तवा मला कळलं, तिला काय वाटलं आसंल. इथं सगळ्यांसाठी मागितलं. माज्यासाठी तोंड उघडलं की त्योच हात म्होरं येतो. सव्वादोनचा."

इरमनं मोबाईल काढला. फोन लाव, आत्ताच माफी माग, असं ती म्हणाली. खैरूननं मान हलवली. फोनवर हात धरता येत नाही, म्हणाली.

पुढच्या आठ दिवसांत इरमनं काबा पोटभर पाहिला. पहाटे पाहिला, भर उन्हात पाहिला, आणि दर वेळी तसंच हलकं वाटायचं, पहिल्या दिवशीसारखं. भिमाबाईंचे गुडघे तिनं मग आठवणीनं सांगितले, बाकी यादीही वाचून काढली. पण स्वतःसाठी तिनं एवढंच मागितलं, की आम्ही पोचेपर्यंत सरूमावशी सुखरूप असू दे आणि तिनं दारातून हाकलू नये. माणसाच्या मनावर अल्लाहनंसुद्धा हक्क सांगितला नाही, ते ज्याचं त्याच्यापाशी ठेवलं, या गोष्टीचा तिला काब्याइतकाच धाक वाटायला लागला होता. निघायच्या आदल्या दिवशी खैरूननं तिथल्या बाजारात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या. सव्वादोनच्या. डबीवर फिरोजाबादचं नाव होतं, म्हणजे आपल्याच पेटीतला माल. जुबेरला हसू आवरेना. खैरूननं मात्र ती डबी आण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर अख्खा गाव भेटायला लोटला. खजूर, जमजमचं पाणी, हातात हात. भिमाबाई काठी टेकत आल्या आणि आधी गुडघ्याचंच विचारलं. सरूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खैरून डबी घेऊन निघाली आणि या वेळी बाभळीपाशी थांबली नाही.

सरूबाई मेंढरांच्या वाड्यात शेण भरत होती. खैरून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. घरोघर बोललेलं एकही वाक्य तिला आठवेना. "सरू," ती म्हणाली, "त्या यात्रेत मी तुजा हात बाजूला सारला. मला माफ कर."

सरूबाईनं पाटी खाली ठेवली. इरमच्या मनात आलं, आता ही म्हणेल, कुठली यात्रा, मला काही आठवत नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"त्याच्यामागं मी कुणाम्होरं हात केला न्हाई," सरूबाई म्हणाली. "भावाम्होरंबी न्हाई."

मग तिनं हात धुतले, पदराला पुसले, ओट्यावर बसली आणि उजवा हात पुढं केला. खैरूननं तो दोन्ही हातांत घेतला. डबीतली बांगडी लावली, दाबली, फिरवली. तीस वर्षांची कसबी बाई, पण अंगठ्याच्या हाडापुढं बांगडी जाईना. दोर ओढून, कुऱ्हाड चालवून तो हात कधीच सव्वादोनचा राहिला नव्हता. खैरूननं बांगडी परत डबीत ठेवली.

"त्यो हात गेला," सरूबाई म्हणाली. "आता हाय त्याचं माप घे."

इरम स्कूटीवर घरी गेली आणि पेटी घेऊन आली. खैरूननं अडीचच्या हिरव्या बांगड्या काढून सरूबाईचे दोन्ही हात भरले. एकही वाढवली नाही. फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणतात. सरूबाईनं हात हलवून पाहिले. मेंढरांनी आवाजाकडं माना वळवल्या.

मक्केची डबी तशीच ओट्यावर पडली होती. सरूबाईनं ती उचलली, त्यातली एक बांगडी उन्हात धरून पाहिली, मग खैरूनच्या मोकळ्या मनगटाकडं पाहिलं. बारीक हात, सव्वादोनचा. तिनं तो ओढून आपल्या मांडीवर घेतला. खैरून मागं सरायला लागली, पण सरूबाईची पकड मेंढरू धरणाऱ्या बाईची होती. इरमला काहीच सुचेना, काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा सुचलं नव्हतं तसंच.

"सरू," खैरून रडत म्हणाली, "माफ केलंस न्हवं?"

"हात ढिला सोड," सरूबाई म्हणाली.

खैरूननं हात ढिला सोडला.