घरचा गूळ

शेळगावातून निघाले त्या सकाळी आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि त्यावर गुळाचा खडा. साखरेचा डबा हाताशी होता, पण आमच्याकडे शकुनाला गूळच लागतो, तोही आपल्याच उसाचा. "गोड खाऊन जा," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील. मी हात चाटला, जीन्सला पुसला आणि डब्लिनला आले.

इथे ओट्स शिकले. दूध, ओट्स, कुस्करलेलं अर्धं केळं. फळाची काय ती गोडी. आबांना शुगर निघाली तेव्हा मी इंदापूरहून ओट्स मागवायला लावले आणि व्हिडिओ कॉलवर आईला सगळं करून दाखवलं. साखर चिमूटभरसुद्धा नको, असं दहादा बजावलं.

"न्हाय बाई, साखरेला हात बी लावत न्हाय," आई म्हणाली. तिने शब्द पाळला.

पहिल्या दिवशी वाटीत बघून आबांनी विचारलं, "ह्यो भरडा म्हशीचा हाय का माजा?" दुसऱ्या आठवड्यात मात्र मागून खायला लागले. मला कोण अभिमान!

शुगर काही उतरेना. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर यायचे आणि माझं डोकं फिरायचं. एकदा फार बोलले. म्हटलं, आबा, तुम्ही चोरून गोड खाता.

"न्हाय गं. तुजं त्ये ओटच खातो रोज. तुज्या आईला इचार."

मी विचारलं नाही. रागाने फोन ठेवला. पुढे पायाची जखम चिघळली, पाय काढला आणि महिनाभरात आबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर एका सकाळी आई माझ्यासाठी ओट्स करायला बसली. मी शेजारीच होते. तिने केळं कुस्करलं. मग फळीवरची ढेप काढली, मुठीएवढा खडा फोडला आणि पातेल्यात टाकला.

"आई, हे काय?"

"गूळ. घरचा हाय की. नुसत्या केळ्यावर त्यास्नी घास जात नव्हता. साखर मातर न्हाय घातली कधी, तू सांगितल्यापासनं."

कारखान्यातून येते ती साखर. गुऱ्हाळावरून येतो तो गूळ. तो आल्यागेल्याला पाण्याबरोबर द्यायचा, त्याला आमच्यात कुणी साखरेत धरत नाही. मी त्याच घरात वाढले आणि तरी एकदाही गुळाचं नाव घेतलं नाही. शुगर म्हटलं की त्यात सगळं आलं, असं मला डब्लिनला राहून वाटायला लागलं होतं. तुम्हीही परदेशातून आईबापाला पथ्यं सांगत असाल, तर एकेका जिनसाचं नाव घेऊन सांगा.

"बरं झालंय का?" आईने विचारलं. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि छान झालंय म्हणाले.

आबा खरं बोलत होते. हे आता त्यांना सांगता येत नाही आणि आईला सांगायची माझी छाती नाही. इथे रोज केळं कुस्करते, दोन चमच्यांवर घास जात नाही. घरी जावंसं वाटतं आणि घरी गेलं की आई तीच वाटी पुढे करते. आबांचं पथ्य आपण नीट सांभाळलं, एवढ्याच समाधानावर ती दिवस काढते आहे. माझं घर आता तेवढ्यावर उभं आहे.

गावाकडच्यांनो, आईला वाचता येत नाही. हे तिला कुणी वाचून दाखवू नका.