साडूभाऊ ज्या ओळीला गप्प बसत

ख्रिस्ती माणसाने खरं बोलावं, हे आम्ही सगळेच मानतो. पण ते रोज, चारचौघांत आणि उपासना चालू असतानाही बोलावं असं मानणारा पुण्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांच्याविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण त्यांचं खरं सांगायला गेलं की माझं खोटं आडवं येतं.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोन्ही घरांचा बाक एक. मंडळीत सगळ्यांत मोठा आवाज माझा. साडूभाऊ मात्र गीतातलं जेवढं आपल्याला लागू पडतं तेवढंच गात. सर्वस्व वाहण्याचं कडवं आलं की तोंड मिटून पंख्याकडे बघत. "फ्लॅट सोडायचा माझा काही विचार नाही, उगीच शब्द कशाला द्या?" असं मला हळूच सांगत. तोवर माझं सर्वस्व दुसऱ्यांदा वाहून झालेलं असे. कुणी 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हटलं की आपण 'हो हो' म्हणून विसरतो. हे तिथल्या तिथे डोळे मिटत. एकदा कोथरूडच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरच्या ओळखीच्या गृहस्थांनी आईच्या ऑपरेशनचं सांगितलं. सिग्नल हिरवा झाला, ते गृहस्थ निघून गेले, मागून हॉर्न सुरू झाले, आणि आमची स्कूटर जागच्या जागी.

"आजोबा, झोप लागली का?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"प्रार्थना करतोय. नंतर विसरतो मी," डोळे न उघडता उत्तर आलं.

मी त्यांना ओळखत नसल्यासारखा दुसरीकडे पाहत होतो. मागच्या सीटवर बसून ते फारसं जमत नाही.

उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचणं हा त्यांचा खरा आनंद. घरून तयारी करून येत, चष्मा दोनदा पुसत. शत्रूवर प्रेम करण्याचा भाग आला की वर बघून म्हणत, "हे मला अजून जमलेलं नाही. लिहिलंय म्हणून वाचतो." मंडळी हसत, पाळकसाहेबही हसत.

आमचं बिनसलं ते माझ्या साक्षीवरून. देवाने मला अपघातातून कसं वाचवलं, ही साक्ष मी दर वर्षी देत असे आणि दर वर्षी ती थोडी वाढत असे. एकदा उपासनेनंतर चहा घेताना साडूभाऊंनी सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "मागच्या वर्षी स्कूटरवरून पडला होतात, यंदा ट्रकखाली आलात. पुढच्या वर्षी वाचाल ना?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच आठवड्यात पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, "साडूंच्या श्रद्धेला ओहोटी लागलीय. गीतांत, प्रार्थनेत गप्प असतात. अशा माणसाने शास्त्रपाठ वाचावा का?" मी मंडळीचा पंच, माझा शब्द चालला. त्यांचं वाचन थांबलं. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत, इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की माझ्या कानाशेजारचा त्यांचा आवाज बंद होई. ती ओळ मी जरा जास्तच जोरात म्हणे. पावसाळा गेला, नाताळ गेला. मग एका रविवारी त्यांनी ती ओळ म्हटली. सावकाश, पूर्ण. माझाच आवाज मध्येच अडकला.

बाहेर स्कूटरपाशी मी म्हणालो, "थंडी वाढलीय, नाही?"

"अहो, काही बोलायचं होतं का?"

"संध्याकाळी घरी येतो तुमच्या."

"नक्की येणार असाल तरच सांगा. हिला चहाला दूध ठेवायला सांगतो."

"नक्की," मी म्हणालो.

माझ्या कोथरूडहून त्यांचं वारजे असं कितीसं लांब. मी गेलो नाही, पुढच्या रविवारीही नाही. उन्हाळ्यात ते गेले. अंत्यविधीला मी त्यांच्या खरेपणावर फार सुंदर बोललो. लोकांनी डोळे पुसले.

परवा मेहुणी सहज म्हणाली, "भाऊजी, एकदा तुम्ही येणार होतात ना, तेव्हा ह्यांनी मला त्या दुधाचं दही लावू दिलं नाही. म्हणाले, थांब, त्यांनी नक्की म्हटलंय."

साडूभाऊ, ट्रक नव्हता. स्कूटरही चालू नव्हती. स्टँडला लावताना मी तिच्यावरून घसरलो होतो. पाळकसाहेबांना तुमच्याबद्दल जे सांगितलं, तेही तसलंच. चुकलो मी.