वरच्यांचा मोकळा महिना

"आधी थांबायचं कसं ते बघावं, मग चालू करावं."

हे वाक्य वरचे कुठेही म्हणत. मुलीला सायकल आणली तेव्हा म्हणाले. शेजाऱ्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, आणि शेजारी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलेना. वरच्यांचा त्यात काही दोष नव्हता. ते लिफ्ट दुरुस्त करत, आणि लिफ्टचं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं. वर काय, कोणीही नेईल, थांबवणारा पाहिजे.

खरं नाव त्यांना होतंच, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी सगळे 'वरचे' म्हणत, कारण ते कायम लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करत. तळाच्या खड्ड्यात उतरायचा तो त्यांचा जोडीदार, 'खालचा'. लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या उभ्या काळोख्या पोकळीला हे दोघे विहीर म्हणत. विहिरीत गप्पा नसत. एकच शब्द असे. खालून हाक यायची, "मोकळं!" म्हणजे वाटेत कोणाचा हात नाही, पाय नाही, विसरलेला पाना नाही, आण खाली. वरचे तोच शब्द परत म्हणत, "मोकळं!" आणि मगच बटण दाबत. एका शब्दावर दोघांनी जन्म काढला आणि दोघांचीही बोटं शाबूत राहिली.

विहिरीत वरच्यांना कधी भीती वाटली नाही. पायाखाली बारा मजले असोत की वीस, अंधार सगळ्यांना सारखाच. जे दिसत नाही त्याला माणूस काय भिणार?

मग कंपनी बंद झाली. खालचा आपल्या लेकाकडे राहायला गेला. वरच्यांना मात्र लगेच दुसरीकडे बोलावणं आलं. नवी कोरी उंच इमारत, आणि तिची लिफ्ट बाहेरच्या भिंतीला चिकटलेली, सगळी काचेची. साहेब त्यांना गच्चीवर घेऊन गेले आणि कौतुकानं म्हणाले, "बघा." वरच्यांनी बघितलं. खाली रस्ता होता, रस्त्यावर मुंग्या होत्या, आणि त्या मुंग्यांनी छत्र्या धरल्या होत्या. वरच्यांनी डोळे मिटले. जे हाताला लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. ते साहेबांचं कोपर निघालं. साहेबांना ती आपुलकी वाटली. नोकरी पक्की झाली. पुढच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं ठरलं.

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "हवा छान आहे तिथे."

मधला महिना मोकळा. वरच्यांनी घरातले नळ दुरुस्त केले. मग जे नळ गळत नव्हते तेही उघडले. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले तेव्हा बायकोने हात जोडले.

"अहो, कुठेतरी जा. ताजी हवा खा. माझी बहीण दर रविवारी डोंगरावर माणसं नेते, तिच्याबरोबर जा."

"जातो," वरचे म्हणाले.

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस पहिल्या वेळेला हो म्हणाला नव्हता. तिला काय ठाऊक, की त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. उघड्यावरची उंची महिन्याभरात पचली तर नोकरी, नाहीतर या वयात विहिरी शोधत हिंडायचं.

मेहुणी शाळेत खेळ शिकवायची. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडचा मुलगाही सरळ उभा राही. "या भाऊजी," ती म्हणाली. "आजवर लोकांना उभ्याउभ्या वर नेलंत. आता पायांनी चला, म्हणजे ते पाप फिटेल."

"तुझ्या दोऱ्या कुठे आहेत, त्या दाखव आधी," वरचे म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांनी डोंगर कमी आणि दोऱ्या जास्त बघितल्या. हातभर हातभर दोरी चिमटीतून सरकवत ते पुढे जात, आणि कुठे एक धागा उसवलेला सापडला की चेहऱ्यावर सणासारखा उजेड येई. दुसऱ्या रविवारी मात्र मान वर झाली. डोंगर मोठा मायाळू होता. सकाळी गवतातून चालताना विजार गुडघ्यापर्यंत भिजे आणि दुपारी अंगावरच वाळे. दगडाला कान लावला तर आत पाणी चालल्याचा आवाज येई, जुन्या इमारतीच्या भिंतीत येतो तसा. वरच्यांना झरे आवडले, खोबणी आवडल्या, दमून बसल्यावर डब्यातली गार भाकरीसुद्धा आवडली. माथ्यावर पोचल्यावर आपण तिथे आलो आणि कुठलंच बटण दाबलं नाही, याचं त्यांना नवल वाटे. मग रविवारची वाट न बघता ते बुधवारीही जाऊ लागले.

एकच अडचण होती. कडा जवळ आला की त्यांच्या बुटाची नाडी सुटे. बाकीचे कड्यावर उभे राहून लांबवर बोटं दाखवत, आणि वरचे चार पावलं मागे खाली बसून नाडी बांधत. सगळे परत फिरेपर्यंत बांधत.

मेहुणीने बरेच दिवस बघितलं. शेवटी शेजारी येऊन बसली.

"भाऊजी."

"हं."

"तुमच्या बुटाला नाडी नाहीये. चिकटपट्टी आहे."

वरच्यांनी बुटाकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. मग इकडेतिकडे बघून सगळं सांगून टाकलं. काचेची लिफ्ट, मुंग्या, साहेबांचं कोपर.

"ताईला माहीत आहे?"

"ती म्हणेल, नोकरी घेऊ नका. आणि मी ऐकेन. म्हणून सांगितलं नाही."

मेहुणी हसली नाही. एवढी तोंडाळ बाई, पण हसली नाही. "शेवटच्या रविवारी दोरीवरून उतरायचं," ती म्हणाली. "उतरलात तर उतरलात."

तो रविवार उजाडला. उभा कडा, मध्यावर पाऊलभर रुंदीची एक कपार, तिच्याखाली पुन्हा कडा. मेहुणी आणि तिच्या चार मैत्रिणींनी वरच्या झाडाला दोरी घातली आणि वरच्यांना हळूहळू खाली सोडलं. ते दगडाकडे तोंड करून, डोळे जवळजवळ मिटून उतरले. कपारीला पाय टेकले. पुढे जायचं म्हणजे आधी वाट बघायला हवी, हा जन्माचा शिरस्ता. एक डोळा उघडून त्यांनी पायाने कपारीखाली चाचपलं. वाटेत दगड नाही, झुडूप नाही. त्यांनी कामाच्या आवाजात हाक दिली, "मोकळं!"

म्हणजे, वाट मोकळी आहे, सोडा खाली.

आता मेहुणीच्या माणसांतही हाच शब्द होता. फक्त तिथे 'मोकळं' म्हणजे मी दोरी सोडली, मी सुटलो, दोरी वर ओढून घ्या. हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं, कारण मोकळं म्हणजे काय हेही कोणाला सांगावं लागतं का?

वरून कपार दिसत नव्हती आणि दोरी सैल पडली होती, तेव्हा ते तळाला पोचले असं समजून वर पाच जणींनी दोरी ओढली. वरचे वीतभर वर गेले.

"मोकळं!" ते ओरडले.

"सुटलेत म्हणतायत, दोरी कुठेतरी अडकली असेल, ओढा!" मेहुणी म्हणाली.

वरचे आणखी वीतभर वर गेले. जितके ते ओरडत तितक्या त्या ओढत. ध चा मा म्हणतात तो असा. ओढता ओढता दोरीला जोडलेला कमरेचा पट्टा फिरला आणि पाठ दगडाला, तोंड उघड्यावर झालं. शेवटी दमून मेहुणीने दोरी झाडाला पक्की केली, मैत्रिणींना तिथेच बसवलं आणि अडकली कुठे ते बघायला ती डोंगराला वळसा घालून खाली निघाली.

वरचे लोंबकळत राहिले. त्यांची पाचावर धारण बसली. सवयीनं हात बुटाकडे गेला, पण पोचेना. पट्टा कमरेला असा घट्ट होता की वाकताच येईना. डोळे मिटले तर दोरी जास्तच हलल्यासारखी वाटे. दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा त्यांनी बघितलं.

खाली दरी होती. ती पळून जात नव्हती आणि वरही येत नव्हती. एक घार पायांच्या खाली फिरत होती. तिची पाठ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, ती तपकिरी होती. दूर रस्त्यावरून एक ट्रक चालला होता, इतका सावकाश की वरच्यांना त्याच्या ब्रेकची काळजी वाटू लागली. वळणावर ट्रक दिसेनासा झाला, मग पलीकडून निघाला. घार बसली, उठली. भीती बराच वेळ छातीवर बसून होती. मग तिलाही तिथे करमेना.

खालून हाक आली. "अहो भाऊजी! तुम्ही तर बांधलेलेच आहात!"

"मग? सुटलो असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, मोकळं!"

"मोकळं म्हणजे वाट मोकळी!"

"मोकळं म्हणजे तुम्ही मोकळे!"

"मी मोकळा असतो तर तुझ्याशेजारी पडलो असतो, शहाणे!"

मेहुणीने कपाळावर हात मारला आणि वर तोंड करून मैत्रिणींना हाक द्यायला श्वास घेतला. "थांबा, सोडायला सांगते!"

"सांग सावकाश," वरचे म्हणाले. "ट्रक परत येतोय. एवढा बघतो."

बहिणीला काही सांगणार नाही असं मेहुणीने कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. पहिल्या तारखेला सकाळी वरचे निघाले, तशी बायकोही चपला घालून निघाली. "भाजी आणायची आहे," म्हणाली. भाजीच्या पिशवीत बहिणीची दुर्बीण होती. बहीण कोपऱ्यावरच उभी होती.

त्या इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडे दोघी थांबल्या. बऱ्याच वेळाने गच्चीच्या कडेला निळ्या कपड्यातली एक आकृती आली. काठापाशी आली. आणि खाली बसली.

"नाडी!" मेहुणी कळवळली. "संपलं, ताई."

बायकोने दुर्बीण लावली. कंपनीने नवे बूट दिले होते, काळे, जाड तळव्याचे. त्यांना नाडी होती, आणि ती खरंच सुटली होती. वरच्यांनी ती नीट बांधली, दोन गाठी मारल्या, बाहेर एकदा शांतपणे बघून घेतलं, आणि उठून काठाकाठानं काचेच्या लिफ्टकडे चालू लागले. टपावर उतरायच्या आधी त्यांनी तोंडाशी हात धरून कोणाला तरी हाक दिली. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं.

"मोकळं," बायको म्हणाली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत तिने दुर्बीण बहिणीला दिली नाही.