लाल पेंटरचा निळा डबा

माझ्या बाबांच्या दुकानात सदतीस वर्षं निळा रंग नव्हता. दुकान कसलं, तर पाट्या रंगवण्याचं. पेंटरकडे निळा रंग नसणं म्हणजे किराणा दुकानात मीठ नसण्यासारखं आहे, पण बाबांना हे सांगणार कोण? गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "दाताच्या दवाखान्याची पाटी आहे, निळी करा." बाबा म्हणायचे, "हिरवी करतो. हिरड्यांना बरी." मासळीच्या दुकानावरचा समुद्र त्यांनी पोपटी केला होता. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्याच्या पाटीवर विमान होतं आणि मागे नारिंगी आकाश. आमच्या भागातल्या कुठल्याही पाटीकडे बघा, तिच्यावर कायम संध्याकाळचे सहा वाजलेले असायचे.

याला कारण फुटबॉल. आमच्याकडे क्लब दोन, लाल आणि निळे. बाबा लाल. नुसते लाल नाहीत, धंद्याचं नावसुद्धा मागे पडून लोक त्यांना 'लाल पेंटर' म्हणायला लागले इतके लाल. निळ्यांना ते पाण्यात पाहायचे, आणि पाणी निळं दिसू नये म्हणून ते पोपटी रंगवायचे.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने प्रेमात पडावं कोणाच्या? तर घड्याळजींच्या मुलाच्या. घड्याळजी म्हणजे निळ्यांच्या कमिटीतले, तीस वर्षं त्यांच्या तिकीटखिडकीत बसणारे गृहस्थ. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ ब्रश धूत बसले. मग म्हणाले, "मुलगा व्यसनी असता तरी मी हो म्हटलं असतं. व्यसन सुटतं तरी."

आई म्हणाली, "लग्न तिला करायचंय. तुम्हाला काय त्यांच्या गोलात उभं राहायचंय?"

लग्न झालं आणि बाबांची खरी पंचाईत झाली. ज्या माणसाला तारेच्या कुंपणापलीकडून मनसोक्त शिव्या द्यायच्या, तोच व्याही झाला. व्याह्याला शिव्या देता येत नाहीत. त्यामुळे दोघंही इतकं गोड बोलायचे की ऐकणाऱ्याला ठसका लागावा.

"काय व्याहीबुवा, आपल्या बचावफळीची तब्येत कशी आहे?" बाबा विचारायचे.

"आपल्या कृपेने बरी आहे. आपला गोलकीपर चालायला लागला का? गेल्या सामन्यात उभाच होता म्हणून विचारलं."

"घ्या, बिस्किट घ्या."

"आपण आधी."

बिस्किटाची बशी दोघांमध्ये अशी फिरायची की शेवटी बिस्किटं माझा नवराच संपवायचा.

आता मुख्य गोष्ट. लालांनी निळ्यांना एकोणीस वर्षांत एकदाही हरवलं नव्हतं. या हंगामात हरवलं. तीन–दोन. तिसरा गोल निळ्यांच्याच एका खेळाडूच्या डोक्याला मागून लागून गेला, तो तेव्हा पंचांशी हुज्जत घालत होता. पण गोल तो गोल. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानाच्या शटरवर '३–२' असं रंगवलं. एकेक आकडा माणसाएवढा, कडेला सोनेरी रेघ, खाली सावली. आयुष्यात इतकं सुंदर अक्षर त्यांनी कोणासाठी काढलं नव्हतं. अडचण एवढीच होती की शटर खाली ओढल्याशिवाय आकडे दिसायचे नाहीत. मग बाबा दुपारी दोनलाच दुकान बंद करायला लागले.

"धंदा बंद ठेवून धंद्याची शोभा दाखवणारा हा पहिलाच माणूस," आई म्हणाली.

त्यानंतर दोन महिन्यांनी निळ्यांचं दिवाळं वाजल्याची बातमी आली. त्यांच्या अध्यक्षाने लांबून एक महागडा खेळाडू आणला होता. तो सबंध हंगामात अकरा मिनिटं खेळला, त्यातली तीन बुटाची नाडी बांधण्यात गेली, आणि उरलेल्या आठांत पाय मुरगळून घेतला. पैसे मात्र पूर्ण मोजावे लागले. मग एकेक वस्तू जायला लागली. आधी बस गेली. खेळाडू बाहेरगावच्या सामन्याला फर्निचरच्या ट्रकमधून, सोफ्यांवर बसून गेले. (तो सामना ते जिंकले. ताजेतवाने होते.) मग गवत कापायचं मशीन गेलं. मग अंघोळीचं गरम पाणी गेलं, आणि शेवटी अध्यक्षही गेले.

बाबांच्या आनंदाला पारावार नव्हता. रोज सकाळी ते पेपरातली बातमी आम्हाला फोनवर वाचून दाखवायचे, तीही फोन स्पीकरवर ठेवायला लावून. "सूनबाईंच्या वडिलांना म्हणावं, अक्षरं मोठी वाचायची गरज नाही, आमच्याकडेही हाच पेपर येतो," सासरे आतून म्हणायचे. पण हळूहळू त्यांचं हे उत्तरही येईनासं झालं. ते दुकानातून आले की जेवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाला उगाच किल्ली देत उभे राहायचे. ते घड्याळ सेलवर चालतं.

एका रविवारी ते बाबांकडे आले. मी तिथेच होते. पहिल्यांदाच त्यांनी बशी न फिरवता बिस्किट उचललं.

"महिनाअखेर लीगकडे अनामत भरायची आहे," ते म्हणाले. "नाही भरली तर पुढचा सामना खेळू देणार नाहीत. चोवीस झालेत, सहा राहिलेत. क्लब बंदच करावा लागेल."

"अरेरे," बाबा म्हणाले. हा शब्द इतक्या आनंदात म्हटलेला मी पूर्वी ऐकला नव्हता.

"वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, व्याहीबुवा. आपल्या तीन–दोनचं."

"त्याचं काय?"

"लीगचा नियम आहे ना. जो संघ हंगाम अर्धा टाकून जातो, त्याचे सगळे सामने रद्द धरतात. खेळलेच नाहीत असं समजतात. म्हणजे आपला विजयही..." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "एकोणीस वर्षांनी मिळाला होता."

बाबांनी कप बशीत आदळला. "पण मी शटर रंगवलंय!" ते ओरडले.

"शटर राहील की. निकाल जाईल."

तेलही गेलं, तूपही गेलं, असा चेहरा करून बाबा बसले. सासऱ्यांनी पुढचं अगदी सहज सांगितलं. चाळीस दुकानदार मैदानाच्या कडेला जाहिरातीच्या पाट्या लावून पैसे द्यायला तयार होते. पण आधी पाटी उभी राहिलेली बघणार, मग पैसे. छापणारा आगाऊ रोख मागत होता. हाताने रंगवून देणारा कोणी भेटला तर क्लब वाचेल. फक्त त्या मैदानावरची रीत अशी, की पाटीची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, निळाच पाहिजे.

"चांगला पेंटर भेटो तुम्हाला," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

पुढचा आठवडा त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सोमवारी त्यांनी एक पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं, कोणाला ते सांगितलं नाही. खाटकाच्या पाटीवर बोकडाला पाच पाय काढले. गुरुवारी पोस्टमन येऊन गेला आणि ते जरा शांत झाले, असं आई म्हणाली. शुक्रवारी दुपारी बाबा चक्क निळ्यांच्या मैदानावर गेले. "त्यांची दुर्दशा डोळे भरून बघून येतो," असं म्हणून गेले. तासाभराने परत आले.

"भरले का डोळे?" आईने विचारलं.

"गवत गुडघ्याएवढं वाढलंय," बाबा म्हणाले. "आणि व्याही तिकीटखिडकीत बसलेत. सामना नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. खिडकी उघडून, चिल्लर नीट लावून बसलेत."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? एक तिकीट घेतलं."

शनिवारी सकाळी बाबांनी निळा रंग विकत आणला. रंगवाल्या दुकानदाराने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला म्हणे. डबा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, जाकिटाच्या आत धरून, मागच्या गल्लीने आणला. झाकण उघडताना नाक दाबून धरलं. मग लाल टोळीतल्या चार दोस्तांना बोलावून भाषण केलं. "मी निळ्यांना वाचवत नाहीये. मी आपला तीन–दोन वाचवतोय. एकदा हंगाम संपला की मग खुशाल मरू देत."

हे म्हणणं दोस्तांना पटलं. शेवटी ज्या विजयासाठी एकोणीस वर्षं घसा फोडला तो कोण सोडणार? ते रोज संध्याकाळी पाट्या उचलायला यायचे, मात्र निळ्या बाजूला पाठ करून. एकाने तर गॉगल लावला होता.

चाळीस पाट्या बाबांनी एकोणीस दिवसांत पुऱ्या केल्या. पाच पायांचा बोकडही चार पायांवर आला. आणि सांगायला हरकत नाही, त्या पाट्या बाबांच्या हातून उतरलेलं सगळ्यात देखणं काम होतं. सदतीस वर्षं साठलेलं आकाश आणि समुद्र एकदम बाहेर पडले होते. मासळीवाला स्वतःचा समुद्र बघून म्हणाला, "अहो, असा येत होता तुम्हाला, तर मला पालक का विकायला लावलात इतकी वर्षं?"

अनामत भरली गेली. निळे उरलेले सामने खेळले. शेवटचा सामना त्यांच्याच मैदानावर होता, आणि तोही लालांशी. त्या दिवशी सकाळी दंतवैद्याने आपल्या पाटीवर आणखी एक दात मागून घेतला, त्यामुळे ती पाटी ओलीच उभी केली. दहाव्या मिनिटाला चेंडू तिच्यावर आदळला आणि अर्धा निळा होऊन परत आला. त्यानंतर लालांच्या गोलकीपरने जे जे काही अडवायचा प्रयत्न केला त्याची खूण त्याच्या अंगावर उमटत गेली. सामना संपला तेव्हा त्याचे तळहात, एक कान आणि कपाळ निळं होतं, आणि लाल चार–शून्यने हरले होते.

बाबा आणि सासरे शेजारी शेजारी बसले होते. दर गोलाला सासरे उडी मारायला उठायचे, बाबांकडे बघायचे आणि चष्मा पुसून खाली बसायचे. शेवटच्या शिट्टीनंतर म्हणाले, "पाट्या फार सुंदर दिसत होत्या, व्याहीबुवा."

"आमचा चेंडूच त्यांच्याकडे जास्त जात होता," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर सासरे माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. दार लोटलं आणि ओट्याला धरून हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, माणसाला काही झालं.

"सूनबाई, तुला म्हणून सांगतो. तुझ्या वडिलांना मी अर्धाच नियम सांगितला. तीन चतुर्थांश सामने झाले असले ना, तर निकाल रद्द होत नाहीत. आमचे चोवीस झाले होते. त्यांचा तीन–दोन कुठेही जाणार नव्हता!" ते पुन्हा हसले. मग एकदम ओशाळले. "वाईट केलं मी. पण दुसरा पेंटर कुठून आणणार होतो? त्यांना सांगू नकोस हं. जीव तुटेल त्यांचा."

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. माझ्या बापाने नाक दाबून चाळीस पाट्या रंगवल्या त्या फसून? सासर सासरच्या ठिकाणी, पण लेक मी लाल पेंटरची. दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून दुकानात गेले.

बाबा शिडीवर होते. "आलीस ते बरं झालं. खणातलं फडकं दे," म्हणाले. मी खण ओढला. फडक्याखाली एक पत्र होतं. वर लीगच्या कचेरीचा शिक्का. बाबांच्या पत्राला आलेलं उत्तर. तारीख पाहिली. निळा डबा आणला त्याच आठवड्यातली, डब्याच्या चार दिवस आधीची. 'तीन चतुर्थांश सामने पूर्ण झाले असल्याने आपण विचारलेल्या सामन्याचा निकाल कोणत्याही परिस्थितीत कायम राहील.' या ओळीखाली लाल रंगाची रेघ होती, पट्टी न लावता मारलेली आणि तरीही सरळ. अशी रेघ आमच्याकडे एकाच माणसाला जमते.

"बाबा, हे काय?"

त्यांनी शिडीवरून वाकून पाहिलं. "ते? माहीत नाही. चष्मा नव्हता तेव्हा. वाचलंच नाही मी."

"मग ही रेघ कोणी मारली?"

"रेघ मारायला चष्मा कशाला लागतो?"

डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. बाबा उगाच रंगवलेल्या अक्षरावर पुन्हा ब्रश फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस हं. बिचाऱ्यांना जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी फसवता आलंय."

मी फडकं वर दिलं आणि पत्र होतं तिथे ठेवलं. निघताना त्यांनी मागून हाक मारली.

"आणि तो निळा डबा बघ गं. झाकण घट्ट लाव. सुकला तर पुढच्या हंगामाला नवा घ्यावा लागेल."