चार लिंबं आणि दोन दगड

आमच्या मोटारीचे ब्रेक दाराआड एका घमेल्यात ठेवलेले असतात. दोन काळे दगड आहेत.

तसे मूळचे ब्रेकही आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही चिमुकली विलायती मोटार, तिचे ब्रेक तारांवर चालतात. पायडल दाबलं की तारा ताणल्या जातात आणि थांबावं की नाही, यावर गाडी थोडा विचार करते. हँडब्रेक तर नुसता धरायला आहे. म्हणून गाडी उभी केली की मी ती पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि पुढच्या चाकांसमोर दगड लावतो. कारण आमच्या डोणगावातली आमची गल्ली उताराची, आणि उतार संपतो तिथे हायवे!

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि स्वभावानं घाबरट आहे. ही मोटार मला साखरखेर्ड्याकडच्या एका मळ्यात सापडली. तिथे ती कोंबड्यांचं खुराडं म्हणून नांदत होती. तिचे गोल गोल दिवे पाहून मी विरघळलो. पुढे कित्येक वर्षं व्हॉल्व्ह घासले, मेहकरला जाऊन लेथवर सुटे भाग करून आणले, पत्रा ठोकला, रंग खरवडला, पुन्हा लावला. गावाला वाटायचं, काय चिकाटी आहे सरांची! खरी गोष्ट निराळी होती. गाडी पुरी झाली असती तर मला ती चालवावी लागली असती! म्हणून ती पुरी होत आली की मी हळूच काहीतरी खोलून ठेवायचो.

गेल्या वर्षी मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे उमगलं.

"अवो, दसऱ्याले गाडी रस्त्यावर आली तं ठीक," ती म्हणाली, "नाही तं दिवाळीच्या आंधी भंगारवाल्याले देऊन टाकते. मले वाळवण टाकाले आंगण नाही राह्यलं."

त्यात दसऱ्यासाठी साखरखेर्ड्याहून आत्याबाई आठवडाभर आधीच आली. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते हिनं. तिच्यावर माझा फार जीव आहे आणि तिची भीतीही तितकीच आहे. (पन्नाशी उलटली तरी तिच्यासमोर मी दोन्ही हात धुऊनच जेवायला बसतो.) आल्या आल्या तिनं फर्मावलं, "सुध्या, पूजा झाली की मले तुह्या गाडीतून मारुतीपर्यंत नेजो!"

झालं! गाडी पुरी झाली.

दसऱ्याला मंदानं गाडीला झेंडूचे हार घातले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. आत्याबाईला आत बसवायला अर्धी गल्ली लागली. गाडीच्या चालकाकडच्या दाराला कडी नाही, ते मी तारेनं बांधून टाकलंय. त्यामुळे आत जायचं तर डाव्या दारानं. आत्याबाईचे गुडघे त्या दारातून एकेक करून न्यावे लागले. शेवटी ती डाव्या सीटवर बसली आणि तिच्या मांडीवर पूजेचं ताट ठेवलं. मग मंदा लिंबं घेऊन आली.

"पूजेच्या गाडीखाली धोंडे काऊन?" असं म्हणत तिनं दोन्ही दगड उचलून घमेल्यात टाकले आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण माझ्या डोक्यात वेगळीच भीती घुमत होती. गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये? खात्री करायची तर आत शिरायला हवं, आणि आत शिरायचं तर आधी आत्याबाईला उतरवायला हवं. (चालवायला तरी मी आत कसा शिरणार होतो, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही.) 'आत्याबाई, जरा उतरता का?' हे वाक्य मी मनात घोळवलं, आणि तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यला बे? चालू कर ना!"

गाडी न्यूट्रलमध्ये आहे, असं मी ताबडतोब ठरवून टाकलं.

ही गाडी समोरून हँडल मारून सुरू करावी लागते. एका हिसक्यात सुरू व्हायचं पाप तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. त्या दिवशी केलं! फच्, फच् करत लिंबं फुटली आणि गाडी माझ्या अंगावर आली.

कोणीही शहाणा माणूस अशा वेळी बाजूला होतो. मी पळालो. सरळ पुढे! गल्लीच्या मधोमध, हातात हँडल घेऊन मी पुढे आणि पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत गाडी मागे. माझी आणि तिची चाल एकच, त्यामुळे अंतर वाढेनाही आणि घटेनाही.

"सर, बाजूले व्हा ना!" पिठाच्या गिरणीतून प्रल्हाद ओरडला. मला ऐकू आलं. पण बाजूला होणं म्हणजे काय, हेच मला त्या क्षणी आठवेना.

आत्याबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सुध्या, हळू पळ! पडशीन!" दसऱ्याला मोटारीपुढे मालकानं पळायची रीत असावी, अशी तिची समजूत झाली होती. ओट्यावरच्या बायांना ती हात हलवून दाखवत होती. "माहा भाचा हाये!" हेही तिनं दोन घरांना सांगितलं.

तेवढ्यात खालून ट्रकचा भोंगा ऐकू आला आणि मला हायवे दिसला. इतका वेळ मी माझ्या जिवाला घाबरत होतो. आता मागे वळून पाहिलं तर काचेआड पांढऱ्या केसांची आत्याबाई, मांडीवर ताट, चेहऱ्यावर हसू. ताप आला की रात्रभर मला मांडीवर घेऊन बसायची ती हीच मांडी. हिला काही झालं तर मी काय करू?

मी उलटा पळत ओरडलो, "आत्याबाई, बटण बंद करा! समोरचं बटण!"

इंजिन बंद करायला मी गाडीत घरातल्या पंख्याचं बटण बसवलंय. दुर्दैवानं त्याच बोर्डावर अजून तीन बटणं आहेत.

"कोणतं?"

"डावीकडचं! नाही, नाही, तुमच्या उजवीकडचं!"

भोंगा वाजला. मग दिवे लागले. मग वळण दाखवणारा छोटा हात गाडीच्या कुशीतून टाणकन बाहेर आला.

"चौथं दाबा, चौथं!"

"तिथं हार हाये ना!"

"काढा तो हार!"

"पूजेचा हार असा काढतं का कोणी?" आत्याबाई खवळली.

मग मी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. हँडल फेकलं, बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि सगळं बळ लावून गाडी रेटली. गाडीला ते कळलंही नाही. टेबलाचा खण आत सारावा तशी ती मला मागे सारत निघाली. चपला घासत होत्या, पाठीमागे ट्रक धडधडत होते. मी डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "मंदाऽऽ!" (देवाला मारायला हवी होती, पण देवाकडे घमेलं नव्हतं.)

मंदा आली. पदर खोचलेला, कमरेवर घमेलं! एक दगड या चाकापुढे, दुसरा त्या चाकापुढे. गाडी दगडावर चढू पाहत थरथरली, खोकली आणि गप्प झाली. माझ्या मागून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं सदरा फडफडला.

मी तिथेच रस्त्यावर बसलो आणि रडलो. अख्ख्या गल्लीसमोर, अगदी मोकळेपणानं.

"रडतं काऊन बे? लागलं का?" आत्याबाई.

"विकून टाकतो," मी हुंदके देत म्हणालो. "आजच देतो भंगारात!"

"विकतं? अन् मले मारुतीपर्यंत कोण नेते?"

मंदा धापा टाकत गाडीकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "राहू द्या गाडी," ती म्हणाली. "गाडीची काही चूक नाही."

एवढं बोलून तिनं चालकाच्या खिडकीतून हात आत घातला आणि गिअर न्यूट्रलला आणला. खिडकीतून हात घालता येतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग सगळ्या गल्लीनं गाडी ढकलत आत्याबाईला मारुतीपर्यंत नेलं. तिथं तिनं माझ्या नावानं नारळ फोडला. "पोरगं भेलं माहं," असं मारुतीला सांगितलं.

त्यानंतर मी ब्रेकच्या तारा बदलल्या, तरी गाडी अजून विचार करूनच थांबते. मंदा गाडी चालवायला शिकली, आता आत्याबाईला आणायलाही तीच जाते. यंदाच्या दसऱ्याला तिनं गाडीची पूजा केली, मग घमेल्यातून दगड काढले, धुतले आणि दोघांनाही हळदकुंकू लावलं. मग तेच बोट माझ्या कपाळाला.

"मले कशाले?" मी विचारलं.

"ब्रेक तीन हायेत ना आपले!"

आत्याबाई गाडीत बसून खुदुखुदु हसत होती. मला फक्त एवढंच खटकलं की माझा नंबर दगडांच्या नंतर लागला.