एक ट्रक कमी

आमच्या शेजारचे काका गोव्यातल्या सुर्ल्याच्या खाणीवरून खनिजाचा ट्रक चालवतात. बोलणं मोजकंच, सकाळी प्रत्येक चाकावर थाप मारल्याशिवाय गाडीत चढत नाहीत. माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तक्ता केला. शाळा भरताना फाटकासमोरून गेलेल्या प्रत्येक ट्रकचं एक छोटं चित्र, आणि खाली पंचायतीकडे मागणी: ‘या वेळेत ट्रक नकोत.’ ती मान्य झाली तर काकांच्याच फेऱ्या कमी होणार होत्या. तिने तक्ता दाखवला, तेव्हा त्यांनी बोटाने चित्रं मोजली.

“एक कमी आसा. माझी गाडी खंय?”

“तुमची मुद्दाम नाय घातली, काका.”

“मगे आकडो खोटो झालो, बाय. पंचायत कित्याक आयकतली?”

तिचा स्केचपेन घेऊन त्यांनी स्वतःच शेवटचा ट्रक काढला, नंबरासकट.