आक्कांच्या तोंडचं वाक्य

टेंपो उभा राहिला की टेंपोवाल्या आक्का आधी स्टो पेटवत नसत, बाजार फिरून येत. हात मागे बांधलेले, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला, आणि चाल अशी की तहसीलदार तपासणीला आलेत. कोणाच्या कढईत काय तळतंय, कोणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघायचं, दोन-चार झाकणं उघडायला लावायची आणि परत येऊन दिराला सांगायचं, "मारोती, आज वरणफळं. ते कोनी करून न्हाई राहिलं." मग स्टोला पंप बसायचा. बाजारात जे दुसरं कोणी विकत असेल ते आक्का करत नसत. दुसऱ्याच्या पदार्थाला त्यांनी माझ्या माहितीत एकदाच हात लावला. त्या एका वेळेची गोष्ट मला सांगायची आहे, कारण तिच्यात मी आहे, आणि चांगल्या बाजूनं नाही.

आक्का साखरा गावच्या. घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. नवरा टेंपोतून बाजारोबाजार शेळ्या-बोकड पोचवायचा. तो गेल्यावर सगळ्यांनी टेंपो विकून टाका म्हणून सल्ला दिला. आक्कांनी तो दहा वेळा धुतला, आतून नवा पत्रा मारून घेतला, मागचा फाळका पाडला की त्याचंच टेबल होईल अशा साखळ्या लावल्या आणि धाकट्या दिराला स्टेअरिंगवर बसवलं. आता अशा गाड्यांना इंग्रजी नावं असतात, पाट्यांवर रंगीत दिवे असतात. तेव्हा लोक नुसतं 'टेंपो आला' म्हणायचे. पावसाळ्यात पत्र्याला ओल धरली की शेळ्यांचा वास यायचाच. एखादं सोवळं गिऱ्हाईक नाक मुरडायचं. आक्का म्हणायच्या, "वास हाय, खोटं कामून बोलू? भाकर खाऊन पाहा, तिला येतो का ते." भाकरीला येत नसे.

मी तेव्हा हिंगोलीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. हिंगोली अजून जिल्हा झालेली नव्हती, आमचं सगळं सरकार परभणीला होतं, त्यामुळं मोठ्या बातम्याही तिकडंच घडायच्या. आम्ही पहिल्या पानावर हळदीचे भाव छापायचो आणि शेवटच्या पानावर माझं सदर असायचं. कुठं नवं हॉटेल निघालं, कोणाच्या मिसळीची चव उतरली, एसटी आगारासमोरून कोणाचा गाडा हलला, औंढ्याच्या रस्त्याला कोणी ढाबा टाकला, असल्या बातम्या. लोक हसायचे आणि पेपर मागूनच उघडायचे. माझ्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरे होतं. मी हॉटेलात शिरलो की मालक खुर्ची पुसायचा आणि मी तो माझ्या लेखणीचा मान समजायचो.

आक्कांनी माझ्यासाठी कधी काही पुसलं नाही. "या पेपरवाले भाऊ, आदी हात धुवा," एवढंच स्वागत. घास तोंडात असताना मी तारीफ करायला लागलो की म्हणायच्या, "आदी गिळा, मंग बोला." एकदा मी वही काढून विचारलं, "आक्का, तुमच्या टेंपोबद्दल लोकांना काय सांगू?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "गरम हाय म्हनून सांगा. गार झाली तं ते बी सांगा." मी वही खिशात घातली. असल्या बोलण्याची बातमी होत नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

जवळा बाजार या गावी आबांचं हॉटेल होतं. दोन लाकडी बाकं, एक चूल, एक कढई आणि मिरचीचे, कांद्याचे भजे. आक्कांच्या नवऱ्याशी आबांची जुनी ओळख. आक्कांनी पहिल्यांदा टेंपो जवळ्याला आणला तेव्हा उभं राहायला कोणी जागा देईना. आबांनी हॉटेलच्या बाजूचं स्वतःचं अंगण दिलं आणि बोअरच्या पाण्याचे दोन हंडे भरून पाठवले. ते हंडे मग दर बाजारी येत राहिले. उन्हाळ्यात, ऐन बाजाराच्या दिवशी दोन हंडे पाणी देणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. जवळ्यात आक्का बेसनाला हात लावत नसत. कोणी भजे मागितले तर बोट दाखवायच्या, "तिकडं. आबाचे खा." आणि आबा त्यांच्याकडं भाकरी मागणाऱ्याला टेंपोकडं पिटाळायचे.

एका उन्हाळ्यात आबांच्या छातीत कळ आली आणि त्यांनी खाट धरली. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी आक्कांना घरात बोलावून घेतलं. हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "लोक भज्यासाठी येतील अन् वापस जातील. एक डाव दुसरीकडं सवय लागली की लागली. माझी कढई घे, आजच्या दिवस तू तळ." आक्कांनी आबांची कढई टेंपोत चढवली आणि जवळ्यात पहिल्यांदा भजे तळले.

नेमका त्याच दिवशी मी तिथं पोचलो. हॉटेल बंद आणि टेंपोभोवती ही गर्दी. मी तीन प्लेटी खाल्ल्या. भजे खरंच चांगले होते. हॉटेल बंद का, आक्का आज भजे का तळतायत, हे दोन प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडले असते. मी मात्र विचारलं नाही. आक्कांना मान वर करायला फुरसत नव्हती आणि मला हिंगोलीची एसटी गाठायची होती. बातमी मी गाडीत, मांडीवर वही ठेवून लिहिली.

'जवळ्याला अखेर भजे मिळाले' असा मथळा दिला. इतकी वर्षं रबर चावून दात झिजलेल्या जवळेकरांची सुटका झाली, असं लिहिलं. हे लिहून माझं मलाच हसू आलं होतं. पण बातमीत कोणाचं तरी म्हणणं असल्याशिवाय ती भरल्यासारखी वाटत नाही, म्हणून शेवटी एक वाक्य जोडलं. टेंपोवाल्या आक्का म्हणाल्या, "भजे कशाला म्हणतात ते जवळ्याच्या लोकांना आत्ता कळलं." आक्का असं काही बोलल्या नव्हत्या. आम्ही सगळेच तेव्हा हे करायचो. पुढाऱ्यांच्या तोंडी तर दर आठवड्याला वाक्यं घालायचो आणि ते वर फोन करून खुशी कळवायचे. संपादकांनी बातमी वाचली, 'शेवट झकास' म्हणाले, आणि पान छापायला गेलं.

पुढच्या बाजारी टेंपो आबांच्या अंगणात नव्हता. पार टोकाला, बैलबाजाराच्या कडेला धुळीत उभा होता. आक्कांनी पेपर मारोतीकडून वाचून घेतला होता. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला बसवलं, भाकरी वाढली आणि विचारलं, "हे म्या कवा म्हनलं?"

मी सांगायला लागलो की पेपरात असंच लिहितात, त्याचं एवढं मनावर घ्यायचं नसतं.

"लिवत असतील. पर नाव माझं हाय ना?" मग त्यांनी कढईची सगळी हकीकत सांगितली. "आबानं खाटंवर पडून वाचलं. म्या सांगितलं, आबा, म्या न्हाई बोलले. तो म्हनला, छापून आलंय बाई, पेपर कशाला खोटं लिवंल. अन् आज सकाळी पान्याचे हंडे बराबर लावून दिले. कसं घेऊ म्या ते पानी?" मग म्हणाल्या, "माझ्या सांगन्यानं भागत न्हाई. तुमी जा. तुमच्या तोंडानं सांगा त्येला."

"जातो," मी म्हणालो.

आबांचं घर तिथून पाच मिनिटांच्या वाटेवर होतं. मी अर्ध्यापर्यंत गेलोही. आबा दारात खाट टाकून पडलेले लांबूनच दिसले, भोवती चार माणसं बसली होती. चौघांदेखत 'मी खोटं छापलं' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पुढच्या बाजारी एकटे असताना गाठू, असं ठरवून मी मागं फिरलो. संपादकांकडं खुलाशाचा विषय काढला, तर ते म्हणाले, एक खुलासा दिला की लोक बाकीचंही खोटं समजतील. मला हेच ऐकायचं होतं. आक्का भेटल्या की विचारायच्या, "गेलते का?" मी म्हणायचो, "आज नक्की जातो." असं तीन-चार वेळा झालं आणि त्यांनी विचारणं सोडलं. विचारत होत्या तोवर निदान त्यांना माझ्याकडून काही आशा होती.

पोळ्याच्या आसपास आबा गेले.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी भाकरी-पिठलं घेऊन जातात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. आक्कांनी साखऱ्याहून टोपलीभर भाकरी आणि पिठलं नेलं. घरच्यांनी टोपली ठेवून घेतली. आक्का ओट्यावर बायकांत बसून होत्या. त्या निघायला उठल्या तेव्हा आबांच्या सुनेनं टोपली तशीच आणून हातात दिली. वरच्या फडक्याची गाठ सुटलेली नव्हती. सून एवढंच म्हणाली, "आमच्यात रबरच खातात, आक्का."

हे मला मारोतीनं आगारासमोर उभं राहून सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

त्या आठवड्यात मी संपादकांशी भांडून खुलासा छापून घेतला. आक्कांनी भजे आबांच्या सांगण्यावरून, आबांच्या कढईत तळले होते, आणि त्यांच्या नावावर छापलेलं वाक्य माझ्या मनचं होतं, हे स्वच्छ लिहिलं. पेपर घेऊन मी हिंगोलीच्या बाजारात टेंपोपाशी गेलो. मारोतीनं मोठ्यानं वाचला. आक्का भाकरी थापता थापता ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं लिवलं." ती भाकरी तव्यावर टाकून दुसरा गोळा हातात घेतला. "आता आबाला कोन वाचून दावंल?"

आवाजात राग नव्हता. मला वाढायला त्या विसरल्या नाहीत. मी खाल्लं, पण ते कसं लागलं हे आठवत नाही.

जवळ्याला आक्का पुन्हा कधी गेल्या नाहीत. हिंगोली जिल्हा झाली, कचेऱ्या आल्या, तेव्हा टेंपो कचेऱ्यांच्या बाजूला उभा राहू लागला आणि बरा चालला. आता मात्र आक्का आधी फिरून येत नसत. आल्या की सरळ स्टो पेटवायच्या आणि रोज तेच पिठलं-भाकरी करायच्या. मी कारण विचारलं नाही. काही वर्षांनी गुडघे धरले, टेंपो विकला, आणि पुढच्याच हिवाळ्यात साखऱ्यातच त्या वारल्या. मी तोवर बातमीदारी सोडून बियाणांच्या दुकानात लागलो होतो.

हे लिहून झाल्यावर मी साखऱ्याला जाऊन मारोतीला सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यानं मला थांबवलं, "वैनी असं न्हाई म्हनायच्या." ती दोन्ही वाक्यं मी खोडली. भज्यांचं वाक्य मात्र तसंच ठेवलं, ते खोडून आता उपयोग नाही. जवळ्यात अजूनही आक्कांचं नाव निघालं की जुनी माणसं तेच एक वाक्य सांगतात, आणि हसतात.